क्रॉसविंड कोर्सचा रिव्ह्यू: विमान टेकल्यानंतरचे वीस सेकंद

गेल्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत कॅन्ससमधल्या विचिटाजवळच्या एका छोट्या फ्लाइंग स्कूलमध्ये दीड दिवसाचा क्रॉसविंड कोर्स, म्हणजे आडव्या वाऱ्यात विमान उतरवायचा कोर्स केला, त्यावर लिहितो लिहितो म्हणत पाच महिने गेले. थांबलो ते मुद्दाम. म्हटलं आधी कॅन्ससचा मार्च जाऊ दे, खऱ्या वाऱ्यात शिकलेलं टिकतं का बघू, मग बोलू. आता मार्च बघून झाला म्हणून लिहितोय. लांब होईल, पण आपल्यातले बरेच जण इकडे हल्ली प्रायव्हेट पायलटचं लायसन्स काढतायत, दोघातिघांनी मला मेसेज करून विचारलं की पैसे टाकावेत का, तर एकदाच सगळं नीट लिहून टाकतो.

शाळेचं नाव इथे देत नाही. दोन विमानं आणि तीन माणसं एवढीच शाळा आहे, आणि मला त्यांच्याबद्दल एकदोन तक्रारी पण करायच्यात, त्या नावानिशी जाहीर लिहिणं बरोबर वाटत नाही. असे कोर्स अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी असतात, त्यामुळे कोर्समध्ये काय काय असायला हवं हे कळलं तरी तुमचं काम होईल.

आधी मी तिथे का गेलो ते सांगतो, त्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. रविवार दुपार, क्लबचं छोटं विमान सेसना १७२एस, उजव्या सीटवर बायको, दोघं एका गावी जेवायला जाऊन परत येत होतो. रेडिओवर वारा २१० अंशांवरून १८ नॉट्स (ताशी सागरी मैल), गस्ट म्हणजे मधले झोत २८. रनवे १७, म्हणजे दिशा १७०, वारा उजवीकडून चाळीस अंशात. मी डोक्यात हिशोब केला, १८च्या साधारण दोन तृतीयांश, म्हणजे १२ नॉट्स क्रॉसविंड. १७२एसच्या पुस्तकात १५ लिहिलंय, म्हणजे आपण आत आहोत. इथेच पहिली चूक झाली, कारण गस्टचा हिशोब मी केलाच नाही. २८चे दोन तृतीयांश जवळजवळ १८ होतात, आणि विमानाला जो ढकलतो तो झोत ढकलतो, सरासरी नाही.

दुसरी चूक, भीतीपोटी स्पीड जास्त ठेवला. ६५ ठेवायचा तिथे ८० घेऊन आलो, फ्लॅप (कमी वेगात उतरायला पंखामागून खाली सोडतात ते पत्रे) पूर्ण ३० अंश. विमान काही केल्या टेकेना, रनवेवर तरंगतच राहिलं, आणि शेवटी उजवं चाक आधी, मग डावं, मग पुढचं असं बऱ्यापैकी टेकलं. आणि मी सुस्कारा सोडला. अक्षरशः. हात सैल, पाय सैल, योक (हातातलं स्टिअरिंग) मधोमध. बायकोकडे बघून "झालं" असं म्हणालोसुद्धा. त्याच क्षणी झोत आला. नाक उजवीकडे वाऱ्यात वळलं, उजवा पंख वर उठला, सगळा भार डाव्या चाकावर, मी ब्रेक दाबतोय पण चाकांवर वजनच नाही तर ब्रेक लागणार कसा. विमान रनवेच्या उजव्या कडेवरून गवतात, एक लाइट चाकाखाली गेला, डाव्या पंखाचं टोक जमिनीला घासलं आणि आम्ही थांबलो. इंजिन चालूच होतं. बायको काही बोलली नाही, तिने फक्त माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तो हात थरथरत होता. ते मी विसरू शकलेलो नाही.

कुणाला काही झालं नाही. पंखाचं टोक, चाकावरचं कव्हर आणि रनवेचा लाइट एवढंच नुकसान. प्रोपेलर जमिनीला लागला नाही हे नशीब, कारण त्यात लायकमिंगचं इंजिन आहे आणि प्रॉप स्ट्राइक झाला की इंजिन उघडून तपासावं लागतं, तो खर्च वेगळाच. पण त्यानंतर मी पाच महिने विमानाला हात लावला नाही.

या घटनेची नोंद अपघात म्हणून कुठेच नाही. एनटीएसबीच्या, म्हणजे विमान अपघात तपासणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेच्या नियमांत, ८३०वा भाग, "मोठं नुकसान" म्हणजे काय याची व्याख्या आहे आणि त्यातून लँडिंग गिअर, चाकं, टायर, ब्रेक, फ्लॅप, पंखांची टोकं, जमिनीवर वाकलेला प्रोपेलर हे सगळं वगळलंय. म्हणजे माझ्यासारखे किती जण दर वसंतात वाऱ्याने गवतात जातात याचा खरा आकडा कुणाकडेच नाही. जे नोंदले जातात तेसुद्धा कमी नाहीत. एओपीए या विमानमालक आणि पायलटांच्या संघटनेच्या एअर सेफ्टी इन्स्टिट्यूटचा वार्षिक रिपोर्ट येतो, आधी त्याला नॉल रिपोर्ट म्हणायचे, आता तो रिचर्ड मॅकस्पॅडन यांच्या नावाने निघतो. त्यात दरवर्षी तेच दिसतं, पायलटच्या चुकीने होणाऱ्या अपघातांत सगळ्यात मोठा गठ्ठा लँडिंगचा, पण त्यात माणसं मरण्याचं प्रमाण थोडं. जीव जात नाही म्हणून त्याबद्दल कुणी फार बोलत नाही. विमान तुटतं, इन्शुरन्स वाढतो, आणि चांगला भला माणूस उडणं सोडून देतो. मी सोडणारच होतो.

तर हा कोर्स. एकूण ११४० डॉलर झाले. त्यात तीन तास वर्ग, दीड तास सिम्युलेटर, चार तास विमान. शिकवणारे गृहस्थ सत्तरीला आलेले, आयुष्यभर शेतांवर फवारणीची विमानं उडवलेली. मी त्यांना मनात मास्तरच म्हणायचो. मोजकं बोलणार, आवाज कधी चढवणार नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुझं काय झालं ते सांग." मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, चाकं टेकल्यापासून गवतात जाईपर्यंत किती वेळ गेला असेल. म्हटलं चार-पाच सेकंद. म्हणाले, आणि त्या चार-पाच सेकंदांसाठी तुला कुणी शिकवलं होतं का?

नव्हतं शिकवलं. अगदी खरं सांगतो. लायसन्ससाठी कमीत कमी ४० तास लागतात, माझे ६०च्या वर झाले होते, त्यात अप्रोच (रनवेकडे उतरत येणं) शिकवला, फ्लेअर (टेकायच्या आधी नाक उचलणं) शिकवला, टेकवणं शिकवलं. टेकल्यावर मास्तर लोक लगेच म्हणणार "छान, फ्लॅप वर, फुल पॉवर, परत चल." टच अँड गो. तासाला पैसे जातात म्हणून प्रत्येक जण तेच करतो, त्यामुळे विमान टेकल्यापासून टॅक्सीच्या, म्हणजे जमिनीवर हळू चालण्याच्या वेगाला येईपर्यंतचा जो भाग आहे तो शंभर लँडिंग करूनही आपण जेमतेम वीस-पंचवीस वेळाच केलेला असतो. चेकराइडच्या, म्हणजे लायसन्सच्या परीक्षेच्या दिवशी माझ्याकडे वारा शून्य होता. क्रॉसविंड नसेल तर परीक्षक तोंडी विचारतात, तसं नियमातच आहे. मी तोंडी उत्तरं दिली आणि पास झालो. पुढे प्रवासी न्यायचे तर ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग लागतात, पण ती कुठल्या वाऱ्यात याची अटच नाही.

वर्गाबद्दल आधी बोलतो. तीन तास फार आहेत, स्लाइड्स जुन्या, त्यातला एक तास सरळ कापता येईल. पण दोन-तीन गोष्टी अशा मिळाल्या की त्या मी आजही रोज वापरतो.

एक म्हणजे तो १५चा आकडा. मला वाटायचं ती मर्यादा आहे. तशी ती नाही. विमान पास करताना कंपनीच्या टेस्ट पायलटने एवढ्या क्रॉसविंडमध्ये उतरवून दाखवलं, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या नियमात कमीत कमी अट होती की लँडिंगच्या स्टॉल स्पीडच्या (ज्याच्या खाली पंख विमानाला पेलत नाहीत तो वेग) पाचव्या हिश्शाइतका आडवा वारा तरी दाखवायला हवा. सेसना १५२ला १२ लिहिलंय, पायपर आर्चरला १७. म्हणजे १६ला विमान पडेल असंही नाही आणि १४ला तुम्ही वाचाल असंही नाही, कारण तो टेस्ट पायलट होता आणि आपण महिन्यातून दोनदा उडणारी माणसं. मास्तरांनी प्रत्येकाला स्वतःचा आकडा कागदावर लिहायला लावला, गस्ट धरून. माझा तेव्हा ७ आला.

दुसरी, गस्टच्या अर्ध्याचा नियम. १८ गस्ट २८ म्हणजे फरक १०, त्याचं अर्धं ५, तेवढंच नेहमीच्या अप्रोच स्पीडमध्ये मिळवायचं. ६५चे ७०. त्यावर एक नॉटही भीती म्हणून चढवायचा नाही. ६५ ऐवजी ८०ने आलो तेव्हा वेग सव्वापटही नव्हता पण ऊर्जा दीडपट होती, आणि ती सगळी जिरेपर्यंत विमान जमिनीपासून दोन फुटांवर तरंगत राहतं, आणि तेवढा सगळा वेळ झोताला तुमच्यावर हात टाकायला मिळतो. उलट बाजूने, काहीच मिळवलं नाही आणि फ्लेअरमध्ये ५० नॉट्स असताना झोत अचानक पडला तर सात-आठ नॉट्स एका क्षणात जातात, आणि १७२चा पूर्ण फ्लॅपमधला स्टॉल ४०ला आहे. मग विमान धाडकन बसतं. म्हणून अर्धं.

आणि फ्लॅप. हँडबुकमध्येच लिहिलंय की जोरदार क्रॉसविंडमध्ये रनवेच्या लांबीला पुरतील तेवढेच कमीत कमी फ्लॅप घ्या. मी ते वाचलं होतं, पाठ होतं, तरी त्या दिवशी सवयीने ३० टाकले.

सिम्युलेटरबद्दल लोक विचारतात तर सांगतो. हे नेहमीचं सगळं विमान दाखवणारं सिम्युलेटर नाही, फक्त क्रॉसविंडसाठी बनवलेलं मशीन आहे. तुम्ही बसता ती सीट आणि डॅशबोर्ड सगळं मिळून आडवं सरकतं, डावी-उजवीकडे वळतं आणि कलतं. समोर पडद्यावर रनवे, तो कधी संपतच नाही. पॉवर आणि नाक वर-खाली करणं मशीन सांभाळतं, तुमच्याकडे फक्त पाय आणि हात.

पहिली दहा मिनिटं मास्तरांनी कलणं बंद केलं. फक्त पायांनी नाक रनवेच्या रेषेत ठेव, विमान सरकलं तर सरकू दे, तिकडे बघू नको. दहा मिनिटांत माझ्या पोटऱ्या भरून आल्या. मग उलट, पाय बंद, फक्त एलेरॉनने (पंखांच्या मागच्या कडेचे, योकने हलणारे तुकडे) मधल्या रेषेवर रहा. आणि मग दोन्ही एकदम. इतकी वर्षं माझ्या डोक्यात हे दोन्ही एकच काम होतं, वारा आला की काहीतरी कर. तिथे पहिल्यांदा कळलं की पायाचं काम वेगळं आणि हाताचं काम वेगळं. नाक कुठे बघतंय ते पाय ठरवणार, विमान कुठे सरकतंय ते हात ठरवणार. हे वाचून कळत नाही, शरीराला कळावं लागतं, आणि त्यासाठी एका विमानाच्या लँडिंगमध्ये फक्त पाच-सहा सेकंद मिळतात. मशीनवर सलग वीस मिनिटं मिळाली. या एका गोष्टीसाठी मी पैसे पुन्हा देईन.

आमच्या सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा आणि वारणेचा संगम आहे, लहानपणी नावेने पलीकडे जायचो. नावाडी कधीच समोरच्या घाटाकडे नाव धरत नसे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड करून वल्हवायचा, आणि नाव तिरकी तिरकी जात बरोबर घाटाला लागायची. हवेत वाऱ्याशी आपण तेच करतो, त्याला क्रॅब म्हणतात. पण घाटाला लागताना नाव तिरकी लागली तरी चालतं. विमान चाकांवर तिरकं टेकलं तर चाकं एकीकडे आणि वजन दुसरीकडे जातं. म्हणून शेवटी नाक रनवेला सरळ करायचं, आणि सरळ केलं की वारा ढकलायला लागतो, म्हणून वाऱ्याकडचा पंख खाली. हे मी मास्तरांना सांगितलं तर त्यांना ती नाव इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विद्यार्थ्याला ते तीच गोष्ट सांगत होते.

मशीनमध्ये एक कमी आहे. खाली बसण्याचं, आपटण्याचं, झोत पडल्यावर सीट ढुंगणाखालून निसटल्यासारखं होतं ते, यातलं काहीच त्यात जाणवत नाही. म्हणून नुसतं सिम्युलेटर करून या असा सल्ला मी देणार नाही.

आता विमानातले चार तास. यातला पहिला तास वाया गेला, त्याची तक्रार पुढे. दुपारी मात्र वारा उठला, १६ गस्ट २५. आणि मास्तरांनी काय करावं, टेकऑफच्या आधी अर्धा तास फक्त टॅक्सी करायला लावली. टॅक्सीवेवरून वर, खाली, वळून परत. वारा समोरून असेल तर एलेरॉन वाऱ्याकडे, मागून असेल तर वाऱ्यापासून लांब आणि योक पुढे. योकच्या उजव्या खांबाला त्यांनी पिवळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा गुंडाळला होता, अगदी शेवटाला, पॅनेलजवळ, म्हणजे योक पूर्ण फिरवला की ती पट्टी फिरून वर येते आणि डोळ्यांना दिसते, अर्धवट फिरवला तर दिसत नाही. लँडिंगनंतर वेग कमी होत जाईल तसा एलेरॉनचा असर कमी होतो, म्हणून योक हळूहळू वाऱ्याकडे वाढवत न्यायचा, चालण्याच्या वेगाला येईपर्यंत पूर्ण. "मला पट्टी दिसेपर्यंत तुझं लँडिंग चालू आहे," एवढंच वाक्य. त्या दोन दिवसांत मी ते तीसेक वेळा ऐकलं असेल.

एप्रिलमध्ये मी नेमकं उलटं केलं होतं. टेकलो आणि योक मधोमध.

मग पुढच्या चाकाची भानगड. १७२मध्ये पुढचं चाक रडरला, म्हणजे पायांनी फिरवायच्या शेपटीच्या उभ्या पात्याला जोडलेलं असतं. क्रॉसविंडमध्ये टेकताना एक पाय दाबलेला असतोच, आणि नाक धपकन खाली आलं तर चाक वळलेल्या अवस्थेतच जमिनीला लागतं आणि विमान त्या बाजूला उडी मारतं. म्हणून नाक हळू उतरवायचं आणि चाक लागायच्या क्षणी पाय सरळ करायचा. आणि स्पीड जास्त असताना जबरदस्तीने विमान खाली दाबलं तर मागची चाकं हलकी आणि पुढचं जड, एकचाकी हातगाडी ढकलल्यासारखं होतं, मग ते कुठे वळेल सांगता येत नाही.

सगळ्यात कठीण सराव म्हणजे रनवेवर तीन-चार फुटांवरून पॉवर ठेवून उडत जायचं, वाऱ्याकडचा पंख खाली धरून, न टेकता. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला फक्त वाऱ्याकडचं एक चाक टेकवायचं, ते फिरतं ठेवायचं आणि उचलायचं. सात हजार फुटांचा रनवे होता म्हणून शक्य झालं. पाचव्या फेरीला माझं उजवं चाक साधारण पाच सेकंद एकटं पळालं, बाकी विमान हवेत, नाक सरळ, आणि त्या चाकाचा बारीक किर्रर्र आवाज मला हेडसेटमधूनसुद्धा ऐकू आला. घाम फुटला होता पण इतका आनंद लायसन्स मिळालं तेव्हासुद्धा झाला नव्हता.

वारा वाचायला पण शिकवलं. विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारा कापडी मोजा, १५ नॉट्सला पूर्ण ताठ होतो, म्हणजे १५ असो की ३० तो सारखाच दिसणार, त्यावरून गस्ट ओळखायचा तर तो किती वेळा पडतोय आणि किती वेगाने फिरतोय ते पाच-दहा सेकंद टक लावून बघायचं. वाटेतल्या शेततळ्याकडे बघायचं, ज्या काठाला पाणी शांत तिकडून वारा येतोय. आणि वाऱ्याच्या बाजूला हँगरची रांग असेल तर त्यांच्यावरून वारा गडगडत खाली येतो, शेवटच्या वीस-तीस फुटांत विमान खाली खेचल्यासारखं होतं. आमच्या रनवेच्या पश्चिमेला हँगर आहेत, मी तिथे दीडशे वेळा उतरलो असेन आणि ती खेच मला नेहमी माझीच चूक वाटायची. अजून एक छोटी पण उपयोगाची, मेटारमधला (एअरपोर्टच्या लेखी हवामान रिपोर्टमधला) वारा खऱ्या उत्तरेवरून असतो आणि टॉवर सांगतो तो चुंबकीय उत्तरेवरून, रनवेचा नंबर पण चुंबकीय. कॅन्ससमध्ये फरक थोडा आहे पण जिथे जास्त आहे तिथे फोनवर मेटार बघून रनवेशी हिशोब करणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

बाउन्सवर, म्हणजे टेकून उसळण्यावर पण एक तास दिला. २००९च्या मार्चमध्ये जपानमध्ये नारिताला फेडेक्सचं एमडी-११ हे मालवाहू विमान गस्टी वाऱ्यात टेकलं, उसळलं, परत टेकलं, परत उसळलं, आणि तिसऱ्यांदा उलटलं, दोन्ही पायलट गेले. एवढं मोठं विमान, एवढे अनुभवी लोक. आपल्या साडेअकराशे किलोच्या विमानात घडतं ते याच जातीचं, उसळलं की माणूस घाबरून नाक खाली दाबतो, पुढचं चाक आधी आपटतं, पुढची उसळी मोठी. मास्तरांचा नियम असा की उसळी छोटी असेल तर नाक आहे तिथेच धर, मोठी असेल तर विचार न करता फुल पॉवर, फ्लॅप २०वर, उजवा पाय, आणि वर. त्यांनी मुद्दाम उसळ्या मारून दाखवल्या आणि प्रत्येक वेळी मला गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून परत वर जाणं, करायला लावला. अकरा गो-अराउंड केले त्या दिवशी. अकराव्याला मला त्यात कमीपणा वाटायचा बंद झाला होता.

आता तक्रारी. पहिली, मला शनिवारी सकाळी आठचा स्लॉट दिला. सकाळी आठला वारा तीन नॉट्स. क्रॉसविंडचा कोर्स आणि क्रॉसविंड नाही! जमीन तापायच्या आधी वारा वर राहतो, खाली येत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत, तरी विमान रिकामं होतं म्हणून तो तास लावला आणि बिलात धरला. दुसरी, सांगितलं होतं नऊशेच्या आसपास, झालं ११४०. फोनवरच नीट सांगितलं असतं तर मी दिलेच असते, पण शेवटी काउंटरवर कळणं बरं वाटलं नाही.

तिसरी तक्रार पैशाची नाही आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. बेसवरून (रनवेला आडवा टप्पा) फायनलला (रनवेच्या रेषेतला शेवटचा टप्पा) वळण्याबद्दल पूर्ण कोर्समध्ये एक स्लाइड होती, बास. बेस लेगवर वारा पाठीमागून असला की जमिनीवरचा वेग वाढतो, वळण उशिरा होतं, रनवेची रेषा ओलांडली जाते, आणि मग माणूस वळण आवळतो, रडर जास्त मारतो, आणि पाचशे-सहाशे फुटांवर स्टॉल होऊन विमान गिरकी घेतं. तिथून सावरायला उंचीच नसते. रनवेच्या कडेला गवतात जाण्यात पंखाचं टोक जातं, इथे माणसं जातात. कारण दोन्हीचं एकच, आडवा वारा. मी मास्तरांना हे बोललो, ते म्हणाले बरोबर आहे, वेळ पुरत नाही. मला ते पटलं नाही. वर्गातला एक तास कापून तो वेळ तिथे द्यायला हवा. तुम्ही जाल तेव्हा आधीच मागून घ्या.

पाचपैकी किती म्हणाल तर साडेचार. तो अर्धा त्या स्लाइडसाठी कापला.

मार्चबद्दल सांगतो. कॅन्सस हे नावच मुळी इथल्या मूळ लोकांवरून आलंय आणि त्याचा अर्थ दक्षिणेच्या वाऱ्याची माणसं असा सांगतात. या मार्चने ते दाखवलं. तीनदा उडालो, त्यात एकदा गस्ट २४, आडवा भाग साधारण १३. आता माझा कागदावरचा आकडा १२ आहे. पहिला अप्रोच, पन्नास फुटांवर मधली रेषा पायाखालून निघून गेली, फुल पॉवर. दुसरा, तेच. तिसऱ्याचा विचारही केला नाही, वीस मिनिटांवर दुसरं एअरपोर्ट आहे जिथला रनवे जवळजवळ वाऱ्याच्या तोंडाला होता, तिथे जाऊन उतरलो आणि दोन तास थांबलो. क्लबला फोन केला, भाड्याचे जास्तीचे पैसे भरले. सांगलीला बाबांना फोन लावला तर ते म्हणाले, "मग घरी कसा जाणार?" म्हटलं वारा पडला की जाईन. संध्याकाळी सहाला वारा पडला आणि गेलो.

बायको अजून माझ्याबरोबर बसलेली नाही. मी विचारत नाही. मागच्या आठवड्यात ती स्वतःहून एअरपोर्टवर आली, कुंपणापाशी उभी राहून तीन लँडिंग बघितले. खाली आल्यावर म्हणाली, टेकल्यावर तुझे पंखाचे ते मागचे तुकडे वळलेलेच राहिले होते शेवटपर्यंत, एकीकडचा वर आणि एकीकडचा खाली. तिला कुंपणापासून दिसलं होतं.

ज्यांना करायचाय त्यांच्यासाठी. लायसन्स मिळून वर्ष झालेल्यांनी करा, शिकत असतानाच नको, तेव्हा डोक्यात आधीच खूप असतं. शक्य असेल तर ज्या विमानाने नेहमी उडता तेच घेऊन जा, क्लबच्या इन्शुरन्सला आधी विचारून. सिम्युलेटर आधी आणि विमान दुसऱ्या दिवशी असंच मागा, उलट क्रमाने अर्धा फायदा जातो. पायात पातळ तळव्याचे बूट घाला, जाड बुटात रडर कळत नाही. एकूण किती होणार ते लेखी घ्या. आणि सकाळचा स्लॉट देत असतील तर नाही म्हणा, दुपारी दोनचा मागा.